शाकाहारी? मग चीज आहे की!

हेस्टरनं एक गोष्ट मनाशी पक्की ठरवली होती, आणि एकदा तिनं ठरवलं की संपलं, मग ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. नेझा तीन दिवस आपल्या घरी राहणार आणि त्या तीन दिवसांत तिला एकदाही 'यात काय आहे?' असं विचारायला लागणार नाही. एकदाही म्हणजे एकदाही नाही!

त्याचं कारण असं की हेस्टरला अक्रोड चालत नाही. चालत नाही म्हणजे घसा सुजतो, ओठ फुगतात, धावत दवाखाना गाठायला लागतो. आणि कॉलेजचे पाच महिने ती राहिली कुठे, तर स्लोव्हेनियात नेझाच्या घरी, जिथे सणावाराला, वाढदिवसाला, कुणी सहज दारात आलं तरी पोतित्सा कापतात, म्हणजे अक्रोडाचं जाडजूड सारण भरलेला गोड रोल. नेझाच्या आईनं, मार्येतानं, पाच महिने काय केलं असेल? प्रत्येक पाकीट चष्मा लावून वाचलं. हेस्टरसाठी सुरी वेगळी, पाट वेगळा, खसखशीची पोतित्सा वेगळी, आणि तीही आधी भाजून घ्यायची, अक्रोड घरात यायच्या आत. हेस्टरला त्या घरात एकदाही विचारायला लागलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ती न विचारता जेवली होती.

आणि नेझा शाकाहारी. नऊ वर्षांची असताना आजोबांकडे एक ससा होता आणि मग एका रविवारी तो नव्हता, त्या दिवसापासून.

म्हणून गुरुवारी हेस्टरच्या गावाला, वूर्डन स्टेशनवर नेझा पाठीवरची पिशवी सांभाळत उतरली तेव्हा मिठी मारायच्या आधी हेस्टर काय म्हणाली? "ऐक, तू काही विचारायचं नाही. मी बघते सगळं. तू फक्त तोंड उघडायचं."

"हो पोलिस बाई," नेझा म्हणाली आणि मग त्या दोघी तिथेच, लोकांच्या वाटेत, खिदळत उभ्या राहिल्या.

सायकलवरून घरी पोचेपर्यंत बारा वाजले होते. बारा म्हणजे ब्रेडची वेळ. हेस्टरची आई, विलेमीन, टेबल मांडून वाटच बघत होती. तिनं नेझाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हेस्टरला म्हणाली, "बारीक आहे गं फार. मांस खात नाही म्हणून असेल."

"आई, तिला कळतं हं थोडंथोडं!"

"कळू दे की. खरं तेच बोलले." आणि आतून चीजचं अख्खं चाकच उचलून आणलं, घरचं, आठ महिने मुरलेलं, पिवळंधमक. "शाकाहारी? मग चीज आहे की!"

हे वाक्य नेझाला त्या तीन दिवसांत इतक्यांदा ऐकायला मिळालं की शेवटी ते तिला डचमध्ये पाठ झालं. शेजारची ट्राइंच्ये कुंपणावरून हेच म्हणाली. पोस्टमन हेच म्हणाला. आणि हेस्टरचं घर तर चीज करणाऱ्यांचंच. मागे गोठा, गोठ्याला लागून चीजची खोली, वरती फळ्यांवर ओळीनं चाकं मांडलेली. तिथे हे वाक्य म्हणायला कुणाला विचार करायला लागतो?

नेझानं पहिला तुकडा खाल्ला आणि डोळेच मिटले. "हेस, हे तू पाच महिने आमच्याकडे असताना कसं काय सहन केलंस? आमचं ते रबर खात होतीस!"

हेस्टरचे बाबा, टूनिस, यांना शब्द कळले नाहीत पण चेहरा कळला. ते कमी बोलतात. त्यांनी चीज कापायची पट्टी उचलली, आणखी चार पातळ काप काढले आणि न बोलता तिच्या ताटलीत सारले. टूनिसकडून याहून मोठं कौतुक नाही, सांगून ठेवते.

संध्याकाळी सहाला जेवण. हेस्टर पावणेसहाला स्वयंपाकघरात घुसली, पातेल्याचं झाकण उघडलं, कुस्करलेले बटाटे, त्यात कच्ची हिरवी पालेभाजी कालवलेली, वा वा, आणि मध्येच काय चमकतंय?

"आई! हे काय?"

"काय काय? बेकन. चवीला."

"मी सांगितलं होतं ना मांस नाही!"

"मग कुठे घातलंय मांस?" विलेमीन खरंच गोंधळली. "मांस म्हणजे ताटात बाजूला ठेवतात ते, रस्सा घालून. हे नुसते बारीक तुकडे आहेत, बोटाच्या नखाएवढे. हे कोण मोजतं?"

"ती मोजते!"

"मग बाजूला काढायचे एकेक."

"आई, ते डुक्कर आहे!"

"डुक्कर होतं," विलेमीन म्हणाली. "आता चव आहे."

हसताय काय, हेस्टरला रडायला आलं होतं. तिनं बटाटे नव्यानं सोलले, दुसरं पातेलं चढवलं, जेवण साडेसहाला झालं आणि त्या घरात जेवण अर्धा तास उशिरा होणं म्हणजे पूर आल्यासारखंच. टूनिसनी दोनदा घड्याळ बघितलं. पण नेझानं दोनदा वाढून घेतलं, वर चीज किसून घेतलं, आणि हेस्टरला वाटलं, जमतंय. मार्येताच्या तोडीस तोड जमतंय.

शुक्रवारी तर ती सुटलीच होती. सकाळी गावात कॉफी प्यायला गेल्या, तिथे मोहरीचं सूप होतं. हेस्टरनं वेटरला विचारलं, मांस आहे का? नाही, म्हणाला. ती थांबली. मग हळूच विचारलं, "बेकन?" "हो, ते आहे थोडं," म्हणाला तो, अगदी निष्पाप चेहऱ्यानं. "बघितलंस?" हेस्टर नेझाकडे वळून म्हणाली, जणू चोर पकडलाय. दुपारी बटाट्याचे तळलेले काप खायला वाउटच्या गाडीवर गेल्या, आणि तिथे तिनं वाउटला तेलाबद्दल असं उलटसुलट विचारलं की मागची रांग कुरकुरायला लागली.

"वाउट, सॉसेज आणि हे एकाच तेलात तळतोस?"

"नाही बाई, बटाट्याचं तेल वेगळं."

"आणि चीजचा समोसा?"

आता तो समोसा नसतो म्हणा, चौकोनी असतो, आत वितळलेलं चीज आणि बाहेर कुरकुरीत कवच, पण तुम्हाला दुसरं काय सांगू? "तो सॉसेजच्या तेलात," वाउट म्हणाला.

"मग नव्या तेलात तळ."

"हेस्टर, तू मला ओळखतेस तिसरीपासून."

"म्हणूनच सांगतेय, नव्या तेलात तळ."

तळला बिचाऱ्यानं, छोट्या पातेल्यात. नेझानं जीभ भाजून घेत तो खाल्ला आणि म्हणाली, "माझी आईसुद्धा इतकं नाही करत." हेस्टरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग दुकानात नेझानं पोराटोरांची ती काळी खारट लिकोरिसची, म्हणजे ज्येष्ठमधाची गोळी उचलली तर हेस्टरनं पाकीट उलटं करून वाचलं आणि हातातून काढूनच घेतली.

"जिलेटिन. गाईच्या हाडांचं."

"गोळीत?!"

"गोळीत."

"तू नसतीस तर मी तीन दिवसांत अख्खी गाय खाल्ली असती," नेझा म्हणाली, आणि तिनं हेस्टरच्या हातात हात घातला. उन्हं तिरपी झाली होती, कालव्याच्या कडेला बदकं बसली होती, दोघी सायकली हातात धरून चालत चालत घरी आल्या. तो चांगला दिवस होता. हेस्टरला नंतर हेच आठवत राहिलं, की किती चांगला दिवस होता.

घरी टूनिस चीजच्या खोलीच्या दारात लाकडी बूट काढत होते. नेझा हात धुवायला आत गेली. ते म्हणाले, "हेस, सोमवारी फोन करून एक बाटली मागव. स्ट्रेमसेल संपत आलंय. उद्यापुरतं आहे."

"हो," हेस्टर म्हणाली.

आणि मग ती तिथेच उभी राहिली.

स्ट्रेमसेल. म्हणजे आपल्या विरजणासारखंच म्हणा ना, दूध घट्ट करणारं. लहानपणापासून त्या खोलीत तपकिरी बाटली होती. दूध कोमट करायचं, आधी एक आंबवण घालायचं, मग त्या बाटलीतलं मापानं घालायचं, अर्ध्या तासात दूध थिजतं, सुरी घातली तर उभी राहते. पाच वर्षांची असल्यापासून तिनं ते माप धरलंय. आणि ते कशापासून काढतात हेही तिला पाच वर्षांची असल्यापासून माहीत होतं. वासराच्या पोटातून. दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या पोटातून, आणि ते काढायला वासरू जिवंत ठेवून चालत नाही.

माहीत होतं! लपवलेलं नव्हतं, विसरली नव्हती. फक्त ते तिनं कधी प्राण्यांत धरलंच नव्हतं. ते बाटलीत होतं. बाटलीतलं काय, मीठ, साबण, विरजण. आई बेकनला मांस म्हणत नाही म्हणून काल हिनं केवढा आरडाओरडा केला होता!

गुरुवारी दुपारी चीज. गुरुवारी रात्री बटाट्यावर चीज. शुक्रवारी सकाळी चीज. जुनं चीज मोहरीबरोबर, संध्याकाळच्या गप्पांत, बशीभर. स्वतः कापून, स्वतः पुढे करून.

तिच्या डोक्यात पहिला विचार काय आला माहितेय? ससा होता. वासरू नव्हतं, ससा होता, म्हणजे चालेल कदाचित. आणि हा विचार आल्याबरोबर तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की ती सायकल ठेवायला गेली ती ठेवलेलीच सायकल पुन्हा काढून पुन्हा ठेवून आली.

सांगायचं का? सांगायला हवंच. पण काय सांगणार? 'मी बघते सगळं' म्हणणारीनंच खायला घातलं? आणि उद्या दुपारी तर ती जाणार. तिला कधी कळणारही नाही. कळलं नाही तर तिला काही होणार नाही, घसा सुजणार नाही, काही नाही. हेस्टरनं तसं स्वतःला समजावलं, जेवताना समजावलं, भांडी पुसताना समजावलं, आणि ज्या घरात सगळे सगळ्यांना तोंडावर सगळं सांगतात त्या घरातली ही मुलगी त्या संध्याकाळी एक शब्द बोलली नाही.

शनिवारी न्याहारीला तिनं चीजचं ताट उचलून टेबलाच्या पार त्या टोकाला नेलं आणि नेझासमोर ब्रेडवर घालायचा चॉकलेटचा चुरा ठेवला, जॅम ठेवला, सरबरीत सफरचंदाचा पाक ठेवला.

"आज गोडाचा दिवस आहे का?" नेझा म्हणाली, उठली, हात लांब करून टोकाचं चीज घेतलंच. "शेवटचा दिवस आहे गं, खाऊ दे."

आणि हेस्टरनं खाऊ दिलं. बघत बसली.

नऊ वाजता टूनिस म्हणाले, पाहुणीला चीज कसं करतात ते दाखवू या. त्यांनी धुतलेला पांढरा कोट घातला होता, आणि तिच्यासाठीही एक काढून ठेवला होता, आणि हे ते कुणासाठी करत नाहीत. खोलीत उबदार दुधाचा वास भरला होता. मोठ्या हौदात दूध हळूहळू फिरत होतं. टूनिस डचमध्ये सांगायचे आणि हेस्टर मधे उभी राहून इंग्रजी करायची.

"सकाळचं आणि काल रात्रीचं दूध आहे म्हणतात. तीस अंशावर आलंय म्हणतात."

नेझा वाकून बघत होती, केस टोपीत कोंबलेले, लहान मुलीसारखी.

मग टूनिसनी बाटली उचलली, उजेडात धरली, तळाशी शेवटचं राहिलेलं दाखवलं आणि खूश होऊन बोलायला लागले. कमी बोलणारा माणूस, पण यावर बोलतो. वासराला देवानं कसं पोट दिलंय, आईचं दूध पोटात गेल्यावर थिजावं म्हणून, आणि माणसानं ते कधी कसं शोधून काढलं असेल, पन्नास लिटर दुधाला एवढंसं पुरतं. सांगून झालं, आणि ते हेस्टरकडे बघत थांबले.

नेझाही बघत होती. "काय म्हणतात?"

हेस्टरच्या तोंडात वाक्य तयार होतं. 'यानं दूध घट्ट होतं.' खोटंही नाही ते! एवढंच बोलली असती तर टूनिसनी बाटली ओतली असती, सगळे पुढे गेले असते, एक वाजून दहाच्या गाडीनं नेझा काही न कळताच गेली असती.

"म्हणतात की हे वासराच्या पोटातून काढतात," हेस्टर म्हणाली. "मारलेल्या वासराच्या. आणि हे आमच्या सगळ्या चीजमध्ये असतं. तू खाल्लंस त्या सगळ्यात. आणि मला माहीत होतं."

टूनिसना इंग्रजी येत नव्हतं पण मुलीचा चेहरा वाचता येत होता. त्यांनी बाटली खाली ठेवली.

"माहीत होतं म्हणजे?" नेझानं विचारलं. अगदी हळू.

"लहानपणापासून माहीत होतं. पण प्राणी म्हणून कधी मोजलंच नाही गं. शपथ. काल संध्याकाळी एकदम लक्षात आलं."

"काल संध्याकाळी."

"हो."

"आणि आज न्याहारी?"

नेझानं डोक्यावरची टोपी काढली, घडी केली, कट्ट्यावर ठेवली आणि बाहेर गेली.

"काय झालं?" टूनिस म्हणाले.

"ती वासरूही खात नाही, बाबा."

टूनिसनी हौदातलं ढवळणं थांबवलं. मग म्हणाले, "मला का नाही विचारलंस?"

नेझा कालव्याच्या कडेच्या फळीवर बसली होती, पाय खाली सोडून. हेस्टर शेजारी बसली नाही, उभीच राहिली. पलीकडे गाई एका ओळीत चरत होत्या.

"गुरुवारचं सोड," नेझा म्हणाली. "शुक्रवारचंही सोड. ते मी कधीच माफ केलं, चीजवाल्यांच्या घरात जन्मलीस त्याला तू काय करणार? पण आज सकाळी मी हात लांब करून घेत होते, आणि तू ताट लांब सरकवत होतीस, तोंडानं मात्र गप्प. तू तिथे बसून बघत होतीस!"

"मला भीती वाटली."

"कसली?"

"तुझ्या आईनं एकदाही चूक नाही केली. पाच महिन्यांत एकदाही नाही."

नेझा तिच्याकडे वळून बघायला लागली, आणि तिला हसू आलं की राग आला हे तिचं तिलाच कळलं नसावं. "वेडी आहेस का? माझ्या आईनं काय परीक्षा दिली होती? तिला तू आवडतेस म्हणून वाचायची ती पाकिटं. आणि न वाचता आलेलं पाकीट असलं तर सरळ सांगायची, हे मला कळत नाही, हे नको खाऊस. आठवतंय?"

आठवत होतं. दोनतीनदा तरी झालं होतं तसं.

"मी आता विचारणार," नेझा म्हणाली. "प्रत्येक घासाला. तू सांगितलंस तरी विचारणार."

"विचार."

"वाईट वाटेल तुला."

"वाटू दे."

तेवढ्यात विलेमीन दारात आली, पदराला म्हणजे ॲप्रनला हात पुसत. टूनिसनी तिला सांगितलेलं दिसत होतं. "काय गं, वासराचं पोट म्हणे!" ती ओरडली, अख्ख्या कालव्याला ऐकू जाईल असं. "मग आता हिला गाडीत खायला काय देऊ? मी दहा ब्रेड चीज लावून बांधलेत!"

नेझाला त्यातला 'चीज' शब्द कळला, आणि मग ती खरंच हसली, नाक पुसत पुसत. उठली. म्हणाली, "हेस, तुझ्या बाबांना विचार, एक पातेलंभर दूध देतील का? विरजण घालायच्या आधीचं. आणि आईला विचार, घरात व्हिनेगर आहे का?"

"व्हिनेगर?" टूनिस म्हणाले, हेस्टरनं सांगितल्यावर. "दुधात?" त्यांना कुणी गोठ्यात डुक्कर बांधू का विचारलं असतं तरी त्यांचा चेहरा बरा दिसला असता. "नासेल की!"

"नासवायचंच आहे म्हणते. त्यांच्याकडे घरी असंच करतात म्हणते. स्कूता."

टूनिस तोंडात काहीतरी पुटपुटले, पण पातेलं भरून दिलं. नेझानं स्वयंपाकघरात दूध तापत ठेवलं, हेस्टरला ढवळायला उभं केलं, "तळाशी लागू देऊ नकोस, हात चालव," आणि उकळी फुटायला आल्यावर चमच्या चमच्यानं व्हिनेगर सोडलं. दूध फाटलं. पांढरे ढग बाजूला, हिरवट पाणी बाजूला. टूनिस हाताची घडी घालून दारात उभे होते, वाईट बातमी ऐकायला आलेल्या माणसासारखे. चीजच्या खोलीतलं फडकं आणलं, गाळलं, पिळलं, मीठ घातलं. वीस मिनिटांत पांढरा मऊ गोळा तयार. पनीरच, दुसरं काय!

टूनिसनी एक तुकडा तोंडात टाकला. सगळे थांबले.

"कशाचीच चव नाही," ते म्हणाले. "भिंत खाल्ल्यासारखं वाटतं." आणि दुसरा तुकडा उचलला.

हेस्टरनं हे शब्दाला शब्द इंग्रजी केलं. काही गाळलं नाही. नेझा म्हणाली, "त्यांना सांग, दोन महिन्यांपूर्वी मेलेलं वासरू घातलं की चव येते," आणि हेस्टरनं तेही शब्दाला शब्द डच केलं, आणि टूनिस आधी दचकले आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसतात तेव्हा आवाज येत नाही.

गाडीला पाऊण तास होता. विलेमीननं दहाही ब्रेड उलगडले, चीज काढून एका बाजूला रचलं, आणि टेबलावर घरात असेल नसेल ते सगळं मांडलं. नेझा बसली. हेस्टर समोर बसली.

"लोणी?" नेझानं विचारलं.

"मलई आणि मीठ. आम्हीच घुसळलंय."

"ब्रेड?"

"पीठ, पाणी, यीस्ट, मीठ. थोडं दूध. बेकरीतला आहे, मी सकाळी फोन करून विचारलं."

"कधी?"

"तू फळीवर एकटी बसली होतीस तेव्हा."

नेझानं ब्रेडवर लोणी फासलं. विलेमीन म्हणाली, "ही कोर्टात काम करते का?" मग नेझानं मसाल्याच्या तपकिरी केकची वडी उचलली, जी विलेमीनची बहीण देऊन गेली होती, कागदात गुंडाळलेली, वर काही लिहिलेलं नाही.

"आणि यात?"

हेस्टरनं वडी हातात घेतली. उलटी केली. वास घेतला. मध, दालचिनी, रायचं पीठ, हे तर सगळ्यांनाच माहीत असतं. गेली वीस वर्षं ती हा केक खात आली होती.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मावशीला विचारते. तोवर खाऊ नकोस."

ती फोन करायला उठली, आणि नेझा वडी ताटलीत ठेवून, हात मांडीवर घेऊन वाट बघत बसली.